चाकाला रस्ता लागतो, पायाला नाही : झुरळाच्या चालीवरून घडलेले वेगवान लघुयंत्रमानव

जयपूरच्या जुन्या तटबंदीबाहेर, अजमेर रस्त्याच्या बाजूस सोडाला नावाची गजबजलेली वस्ती आहे. तेथील वाहतुकीची कोंडी फुटावी म्हणून आंबेडकर सर्कलपासून सोडालापर्यंत उन्नत मार्ग बांधण्यात आला आणि २०२२ मध्ये तो वाहनांसाठी खुला झाला. खांब, तुळया, काँक्रीट आणि डांबर हा सारा खटाटोप चाकाला सलग सपाट पृष्ठभाग मिळावा एवढ्यासाठी असतो. त्याच वस्तीतील गटाराच्या झाकणाखाली राहणाऱ्या झुरळाला मात्र यातले काहीच लागत नाही. विटांचे तुकडे, पालापाचोळा, भिंतीतील भेग, उभी भिंत अशा कोणत्याही वाटेने ते क्षणात दिसेनासे होते.

शेताची स्थिती उन्नत मार्गापेक्षा झुरळाच्या वाटेशी अधिक जवळची आहे. काळ्या जमिनीत पाऊस झाल्यावर वाफसा येईपर्यंत ट्रॅक्टर रानात घालता येत नाही. बैल मात्र त्याआधीच जाऊ शकतो. त्याचा दुभंगलेला खूर चिखलात टेकताना फाकतो आणि उचलताना मिटतो. चाक जमिनीला सलग चिकटून राहते, तर पाय हवी ती जागा निवडून टेकतो व मधली जागा ओलांडतो. हा फरक लक्षात घेऊन गेल्या तीन दशकांत प्राणिशास्त्रज्ञ आणि अभियंते यांनी एकत्रितपणे लहान, वेगवान, पायांवर धावणारे यंत्रमानव घडवले. त्यांपैकी बहुतेकांचा आदर्श झुरळ हाच आहे. कीडनियंत्रणाच्या कामात आयुष्य घालवणाऱ्यांना हे काहीसे गमतीचे वाटेल. परंतु किडीच्या शरीराचा अभ्यास ती मारण्यापुरताच करावयाचा नसतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या यंत्रांविषयीच्या बातम्या आता वृत्तपत्रांतून आणि मोबाईलवरील चित्रफितींतून गावोगाव पोहोचत आहेत. 'कीड शोधणारा रोबोट' म्हणून एखादे उपकरण उद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या दारात येईल, तेव्हा त्याची पारख विस्तार कार्यकर्त्यालाच करावी लागेल. त्यासाठी ही यंत्रे कशाच्या बळावर धावतात आणि कोठे अडतात हे समजून घेणे आवश्यक आहे.

जयपूरचाच एक पाय

या विषयाचे मर्म समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी जयपूरमध्येच थोडे थांबणे उपयुक्त ठरेल. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि 'मास्टरजी' म्हणून ओळखले जाणारे कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 'जयपूर फूट' हा कृत्रिम पाय विकसित केला. तोपर्यंत उपलब्ध असलेले विदेशी बनावटीचे पाऊल घोट्यात ताठ असे आणि त्यावर बूट घालावा लागे. ते घालून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, बांधावरून किंवा नांगरलेल्या रानातून चालणे कठीण जाई. म्हणजे ज्याला पायाची सर्वाधिक गरज, त्या शेतकऱ्याच्याच उपयोगाला ते येत नसे.

सेठी आणि शर्मा यांनी रबर व लाकूड यांची अशी रचना केली की पाऊल सर्व दिशांना थोडे थोडे वळू शकते. ढेकूळ पायाखाली आले तर पाऊल त्यानुसार तिरके होते आणि वजन उचलताच पूर्ववत होते. अनवाणी चालता येते, चिखलात उतरता येते. या पायात मोटार नाही, संवेदक नाही, संगणक नाही. उंचसखल जमिनीशी जुळवून घेण्याचे काम रबराचा लवचिकपणाच करतो. महाराष्ट्रातही जयपूर फूट बसवण्याची शिबिरे ठिकठिकाणी भरतात, त्यामुळे हा पाय अनेक वाचकांनी प्रत्यक्ष पाहिला असेल.

जुळवून घेण्याची ही क्षमता नियंत्रकात न ठेवता पायाच्या द्रव्यात आणि घडणीत ठेवणे, हेच वेगवान लघुयंत्रमानवांमागील मुख्य तत्त्व आहे. आणि ते कीटकांमध्ये कोट्यवधी वर्षांपासून वापरात आहे.

तिपाईची चाल

घरात आढळणारे मोठे तांबूस झुरळ, म्हणजे पेरिप्लॅनेटा अमेरिकाना, किती वेगाने धावते याचे काटेकोर मोजमाप अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉबर्ट फुल आणि त्यांच्या सहकाऱ्याने केले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार झुरळाचा कमाल वेग सेकंदाला सुमारे दीड मीटर, म्हणजे ताशी ५.४ किलोमीटर इतका आढळला. माणूस भरभर चालतो त्या गतीएवढाच हा आकडा असल्याने तो फारसा मोठा वाटत नाही. तथापि शरीराच्या लांबीच्या मापात पाहिले तर चित्र पालटते. झुरळ सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या सुमारे ५० पट अंतर कापते. जगातील सर्वांत वेगवान धावपटू आपल्या उंचीच्या जेमतेम सहापट. लहान यंत्रांची तुलना करताना अभियंतेही 'सेकंदाला किती शरीरलांबी' हेच माप वापरतात.

धावताना कीटक आपल्या सहा पायांचे दोन गट करतो. डाव्या बाजूचा पुढचा व मागचा आणि उजव्या बाजूचा मधला असे तीन पाय एकाच वेळी जमिनीवर असतात; त्या वेळी उरलेले तीन हवेत पुढे झेपावतात. नंतर अदलाबदल होते. तीन पायांची तिपाई खडबडीत जमिनीवरही डगमगत नाही, चार पायांचे टेबल डगमगते, हा अनुभव प्रत्येकाला असतो. कीटक ज्या क्षणी पाहावा त्या क्षणी तिपाईवर उभा असतो. शिवाय त्याचे पाय गाय-बैलाच्या पायांसारखे शरीराखाली उभे नसून बाजूंना फाकलेले असतात. शरीर जमिनीलगत राहते आणि पाया रुंद होतो. (कमाल वेगाला पोहोचल्यावर मात्र पेरिप्लॅनेटा तिपाई सोडते, पुढचे शरीर उचलते आणि चक्क मागील दोन पायांवर धावते. सामान्य वेगाला हा नियम लागू नाही.)

तिन्ही जोड्यांची कामेही वेगळी असतात. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील ब्लेबेरस जातीच्या झुरळावरील मोजमापांत असे दिसले की एकसारख्या वेगाने धावतानाही पुढचे पाय प्रत्येक पावलाला थोडा रोध करतात, मागचे पाय ढकलतात आणि मधले पाय पावलाच्या पूर्वार्धात रोध व उत्तरार्धात जोर देतात. वरवर पाहता ही शक्तीची उधळपट्टी वाटते. प्रत्यक्षात या परस्परविरोधी बळांमुळे शरीराला स्थैर्य मिळते. पाय स्प्रिंगेप्रमाणे दबतात आणि सुटतात, आणि सर्व सहा पायांचा एकत्रित परिणाम उसळत्या चेंडूच्या गतीसारखा होतो. धावणारा कुत्रा, खेकडा आणि झुरळ यांच्या शरीराची उसळी गणिताच्या एकाच साध्या प्रतिमानात बसते, ही गोष्ट या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाच्या निष्कर्षांपैकी एक मानली जाते. पायांची संख्या दोन असो वा सहा, स्प्रिंग तीच.

पाठीवर तोफ बांधलेले झुरळ

आता कळीचा प्रश्न. धावत्या झुरळाचा तोल गेला तर तो सावरतो कोण, मेंदू की पाय?

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बर्कलेच्या संशोधकांनी झुरळाच्या पाठीवर इवलीशी तोफ बसवली. झुरळ धावत असताना त्यातील चिमूटभर बारूद पेटवली की शरीराला एका बाजूस जोराचा धक्का बसे. अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रणात असे आढळले की धक्का बसल्यापासून सरासरी १३ मिलिसेकंदांत बाजूला जाण्याची गती कमी होऊ लागते आणि सुमारे २७ मिलिसेकंदांत झुरळ पूर्ववत धावू लागते. झुरळाच्या बहुतेक प्रतिक्षिप्त क्रियांनाही साधारण एवढाच वेळ लागतो. म्हणजे चेतातंतूतून संदेश जाणे, स्नायूने बळ निर्माण करणे हे सारे पूर्ण होण्याच्या आतच सावरण्याची सुरुवात झालेली असते. पायातील लवचिक कवच आणि सांध्यांची घडण यांनी ती केलेली असते. जयपूर फूटमधील रबराचेच हे काम, फक्त कित्येक पटींनी जलद.

दुसरा प्रयोग शेताशी अधिक जवळचा आहे. जिची ९० टक्के टेकण्याची जागा काढून टाकली आहे अशा तारेच्या जाळीवरून संशोधकांनी झुरळे आणि कोळी धावावयास लावले. पाय पदोपदी भोकात जाणार, वेग घटणार अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. झुरळांच्या पायांची टोके काढून टाकल्यावरही त्यांचा वेग टिकून राहिला, कारण झुरळ केवळ पावलाच्या टोकावर टेकत नाही. त्याचा पाय आडवा पडतो आणि नडगीचा कोणताही भाग तारेला लागला तरी काम भागते. कोळ्यांच्या पायांवरील काटे एका दिशेने वळणारे असतात. पाय ढकलताना ते तारेत अडकतात आणि ओढून घेताना मिटतात, त्यामुळे पाय गुंतत नाही. मग असेच मिटणारे कृत्रिम काटे, ज्याच्या पायांवर ते निसर्गतः नसतात अशा समुद्रकिनारी खेकड्याच्या पायांवर चिकटवण्यात आले, तेव्हा खेकडाही जाळीवरून अधिक सहज धावू लागला.

हेच काटे नंतर 'ऱ्हेक्स' नावाच्या सहापायी यंत्रमानवाला बसवले गेले. एकही नवा संवेदक न जोडता आणि नियंत्रण प्रणालीतील एकही ओळ न बदलता खडतर पृष्ठभागावरील त्याची चाल सुधारली. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगवहीत काढावी लागणारी पायावरच्या काट्यांची आकृती इतक्या उपयोगाची ठरू शकते, हे पाठ्यपुस्तकात सहसा सांगितले जात नाही.

पुठ्ठ्याच्या घडीतून यंत्र

'ऱ्हेक्स' २००१ मध्ये पुढे आला. तो सुमारे अर्धा मीटर लांबीचा असून त्याच्या प्रत्येक पायाला केवळ एक मोटार आहे. पाय अर्धगोल, लवचिक आणि पूर्ण वर्तुळात फिरणारे. चाकाचा एकच आरा ठेवून बाकीचे चाक कापून टाकावे तशी ही रचना. त्याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात 'स्प्रॉलिटा' हे हवेच्या दाबावर चालणारे छोटे यंत्र तयार झाले. त्यात कडक आणि मऊ प्लास्टिक एकाच तुकड्यात ओतून पाय घडवले होते, कारण कीटकाच्या पायातही टणक कवच आणि मऊ सांधा असे वेगळे सुटे भाग नसून एकाच आवरणाचे जाड-पातळ पट्टे असतात.

खऱ्या अर्थाने लहान आणि स्वस्त यंत्राचा मार्ग 'डॅश'ने दाखवला. बर्कले येथे रोनाल्ड फिअरिंग यांच्या प्रयोगशाळेत २००९ मध्ये तयार झालेले हे यंत्र १० सेंटिमीटर लांब आणि १६ ग्रॅम वजनाचे. पुठ्ठा आणि पातळ प्लास्टिक यांचा थर लेझरने कापून, लग्नपत्रिकेच्या पाकिटाप्रमाणे घड्या घालून त्याचा सांगाडा उभा करतात. घडी हाच सांधा. त्यात तेल घालावे लागत नाही आणि धूळ शिरत नाही. धावण्यासाठी एकच मुख्य मोटार सहाही पायांना तिपाईच्या क्रमाने हलवते, वळण्यासाठी वेगळी लहान मोटार सांगाडा किंचित पिरगाळते. वेग सेकंदाला १५ शरीरलांबी, म्हणजे दीड मीटर. झुरळाच्या प्रत्यक्ष वेगाइतकाच. हे यंत्र २८ मीटर उंचीवरून टाकल्यावरही शाबूत राहिले. लहान आकाराचा हा फार मोठा लाभ आहे. वजन लांबीच्या घनाप्रमाणे घटते, तर मजबुती वर्गाप्रमाणे. म्हणून मुंगी झाडावरून पडली तरी चालू लागते आणि बैल विहिरीत पडला तर वाचत नाही.

त्याच प्रयोगशाळेतील 'व्हेलोसीरोच'ने २०१३ मध्ये सेकंदाला २.७ मीटर आणि त्याच्या सुधारित आवृत्तीने २०१५ मध्ये ४.९ मीटर, म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटरहून अधिक वेग गाठला. या वेगात पाय सेकंदाला सुमारे ४५ वेळा पडतात. वेगाची ही शर्यत आकर्षक असली तरी शेतीच्या दृष्टीने तिला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. त्याचे उत्तर पुन्हा एका कीटकाकडेच आहे. टायगर बीटल हा परभक्षी भुंगेरा कीटकांतील सर्वांत वेगवान धावपटूंपैकी एक होय. त्याची ऑस्ट्रेलियातील सिसिंडेला हडसोनी ही जाती सेकंदाला सुमारे अडीच मीटर धावते. परंतु भक्ष्यामागे झेपावताना त्याच्या डोळ्यांत पुरेसा प्रकाश गोळा होत नाही, त्याला भक्ष्य दिसेनासे होते. म्हणून तो धावतो, थांबतो, पाहतो आणि पुन्हा धावतो. धावताना समोरच्या अडथळ्याची चाहूल घेण्यासाठी तो मिशा ताठ पुढे धरून ठेवतो. कॅमेरा घेऊन धावणाऱ्या यंत्राचीही हीच अडचण होते. पानावरची कीड ओळखता येईल इतके स्पष्ट छायाचित्र हवे असेल तर त्याला थांबावेच लागते.

पवई ते बोल्डर

या क्षेत्रातील अलीकडच्या महत्त्वाच्या कामाचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून २००९ मध्ये यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतलेले कौशिक जयराम पुढे बर्कले येथे रॉबर्ट फुल यांच्याकडे गेले आणि त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती जीवशास्त्रात. अभियंत्याने झुरळ अभ्यासावे हा प्रवास आपल्याकडील विद्याशाखांच्या कप्प्यांत सहज बसणारा नाही.

झुरळ बारीक फटीतून कसे जाते, हा त्यांचा प्रश्न होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी दाखवले की झुरळ केवळ ३ मिलिमीटर उंचीच्या फटीतून एका सेकंदाच्या आत पार होते. त्यासाठी ते शरीर निम्म्याच्या आसपास चेपून घेते. पाय नेहमीप्रमाणे खाली टेकवण्यास जागाच नसल्याने ते बाजूला पसरलेल्या पायांच्या नडग्यांनी जमीन ढकलत पुढे सरकते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ९०० पट दाब सोसूनही त्याला इजा होत नाही. चपलेचा फटका बसूनही झुरळ का निसटते, याचे उत्तर येथे मिळते. या निरीक्षणावरून 'क्रॅम' नावाचे, तळहातावर मावणारे आणि अर्ध्या उंचीपर्यंत चेपले तरी चालत राहणारे यंत्र तयार झाले.

त्यानंतर हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी २०२० मध्ये 'हॅमर-ज्युनिअर' हे सव्वादोन सेंटिमीटर लांबीचे, गव्हाच्या काही दाण्यांइतक्या वजनाचे यंत्र सादर केले. ते सेकंदाला जवळपास १४ शरीरलांबी धावते. एवढ्या लहान आकारात फिरती मोटार कार्यक्षम राहत नाही; म्हणून विद्युतदाब देताच किंचित वाकणाऱ्या पिझो पट्ट्या स्नायूंचे काम करतात. पुढे जयराम अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील केंद्रात अध्यापन करू लागले. तेथे २०२३ मध्ये तयार झालेल्या 'क्लॅरी' या चार पायांच्या यंत्राला समोर अरुंद जागा आली की आपला आकारच बदलून निमुळते होता येते. त्याच्या लहान आवृत्तीचे वजन एक ग्रॅमपेक्षाही किंचित कमी आहे.

यातील एक बाब मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. 'हॅमर-ज्युनिअर'चा वेग नोंदवला गेला तो बाहेरून तारेने वीज पुरवून. पिझो पट्ट्यांना २०० व्होल्टच्या आसपास दाब लागतो. तो निर्माण करणारे परिपथ आणि बॅटरी पाठीवर घेतल्यास यंत्राचे वजन वाढते, वेग घटतो आणि चार्ज काही मिनिटांतच संपतो. झुरळ मात्र खरकट्याच्या एका कणावर रात्रभर हिंडते. पायांची नक्कल बऱ्याच अंशी साधली आहे, पोटाची साधलेली नाही.

शिवारात त्याचे काम काय

२००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्याचा सारा डोलारा एकाच गोष्टीवर उभा आहे: कोणीतरी प्रत्यक्ष शेतात जाऊन, वाकून, पान उलटून मोजणे. एका कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात आणि कीड आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडते तेव्हा हातात मोजकेच दिवस असतात. यंत्राकडून मदत हवी आहे ती या ठिकाणी. फवारणीसाठी ड्रोन आहेतच. २०२० मध्ये राजस्थानात टोळधाड आली तेव्हा जयपूर जिल्ह्यात ड्रोनने औषध फवारण्यात आले. तीच धाड मे महिन्याच्या अखेरीस अमरावती-नागपूर भागातही पोहोचली होती. झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या टोळांसाठी वरून उडणारे यंत्र योग्यच होते. पण बहुतेक किडी शेंड्यावर बसत नाहीत.

कपाशीवरील तुडतुडे, पांढरी माशी, उसावरील लोकरी मावा या किडी पानाच्या खालच्या बाजूस असतात. ड्रोनच्या कॅमेऱ्याला पानाची वरची बाजू दिसते. जमिनीवरून चालणारे आणि वर पाहणारे लहान यंत्र मात्र नेमकी खालची बाजू पाहू शकेल. पाच-सहा महिन्यांचा ऊस दाटला की त्यात माणसालाही शिरणे नकोसे होते. पाचटावरून, सरीतून जाणारे पायांचे यंत्र तेथे चाकाच्या यंत्रापेक्षा निश्चितच सरस ठरेल. तारेच्या जाळीवरील प्रयोग आठवला तर पाचट म्हणजे तशीच एक जाळी आहे.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत ही अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. डोमकळी बाहेरून दिसते, तेवढी यंत्राला कदाचित ओळखता येईल. पण हिरव्या बोंडातील अळी बोंड फोडल्याशिवाय कोणालाच दिसत नाही. एकरी २० बोंडे तोडून फोडण्याचे काम हातानेच करावे लागेल. कामगंध सापळ्यातील पतंग मोजण्यासाठी सापळ्यातच कॅमेरा बसवला की पुरे, तेथे पाय कशाला? हुमणी तर जमिनीखालीच असते. मक्यावरील लष्करी अळीची विष्ठा पोंग्यात वरून दिसते, म्हणजे तेही काम खालून पाहणाऱ्या यंत्राचे नव्हे.

सर्वांत आधी हे यंत्र उपयोगी पडेल अशी जागा शेत नसून गोदाम असण्याची शक्यता अधिक आहे. गोदामाची जमीन कोरडी व सपाट असते, वीज जवळ असते, पाऊस नसतो. पोत्यांच्या थप्प्यांमधील आणि खालच्या लाकडी चौकटींतील फटी इतक्या अरुंद असतात की तपासणीसाठी थप्पी हलवावी लागते, आणि हमाली व वेळ वाचवण्यासाठी ती सहसा हलवली जात नाही. खापरा भुंगेऱ्याच्या अळ्या अशाच फटींत दडून राहतात. चेपून आत शिरणारे, उजेड आणि कॅमेरा घेऊन पाहणारे, चार मिनिटांनी परत येऊन चार्ज होणारे यंत्रही येथे चालून जाईल. धान्य तारण योजनेत माल ठेवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी अशी पाहणी थेट पैशाची ठरते, कारण प्रादुर्भाव उशिरा लक्षात आला तर ठेवलेल्या मालाची प्रत उतरते आणि तोटा शेतकऱ्याच्या हिश्शाला येतो.

म्हणून विक्रेता चित्रफीत दाखवील तेव्हा ती फरशीवर काढली आहे की रानात, हे प्रथम पाहावे. वेग सांगितला जाईल तो कॅमेरा आणि बॅटरी पाठीवर असतानाचा आहे का, एका चार्जवर यंत्र किती सऱ्या पार करते, आणि पान ओले असताना टिपलेले चित्र वाचता येते का, हे विचारावे. यंत्र किती वेगाने धावते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला तरी चालेल.

आणि काळ्या मातीविषयी जरूर विचारावे. कोरड्या काळ्या जमिनीतील भेगा पायांच्या यंत्राला ओलांडता येतील, परंतु ओली काळी माती पायाला लागली की सुटत नाही. चार पावलांत दहा ग्रॅमच्या यंत्राचा पाय यंत्राएवढाच जड होईल. काटे, घड्या, लवचिक सांधे हे सारे त्या लेपाखाली निकामी होते. झुरळ थांबते तेव्हा मिशा आणि पाय एकेक करून तोंडातून ओढून स्वच्छ करते. जागेपणीचा त्याचा बराच वेळ या सफाईत जातो. वर वर्णन केलेल्या एकाही यंत्रात तशी सोय नाही.